आवाज आणि वेग

पहाटे कोणाची गाडी गल्लीतून गेली हे सांगायला आमच्या भिसेगावात कोणी खिडकीशी येत नाही. अंथरुणात पडल्यापडल्या आवाजावरून कळते. दूधवाल्याची मोटारसायकल वेगळी, लोकल गाठायला निघालेल्यांच्या गाड्या वेगळ्या. गेल्या वर्षी हिवाळ्यात या आवाजांत आमच्या स्कूटरचा आवाज एकदम भारदस्त झाला. ते कर्तृत्व माझे होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. तो अभिमान पुढे कसा उतरला, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

कला शाखेच्या वार्षिकात एअर फिल्टर आणि कार्बोरेटर हा काय विषय झाला, असे काहींना वाटेल. त्यांना माझी विनंती एवढीच, की त्यांनी एकदा आपल्या कॉलेजच्या सायकल-स्टँडवर फेरी मारावी. तेथे सायकली शोधाव्या लागतात. उभ्या असलेल्या स्कूटरींपैकी कितीतरी घरातल्या थोरांनी वापरून झालेल्या किंवा सेकंडहँड घेतलेल्या आहेत, म्हणजेच कार्बोरेटरच्या काळातल्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा'चे नियम आले आणि नव्या स्कूटरींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा इंधन मोजून फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. जुन्या गाड्या मात्र आपल्या, विद्यार्थ्यांच्या, वाट्याला आल्या. आणि त्यांच्याबरोबर 'फिल्टर काढ, जेट मोठा टाक, गाडी उडेल' हा सल्लाही आला.

आमची स्कूटर वडिलांची. २०१६ सालची, लहान इंजिनाची, बिनगिअरची. वडील पहाटे तिच्यावर पावाच्या लाद्या बांधून कडाव, कशेळ्याकडच्या दुकानांत टाकतात. दहाच्या सुमारास ते परत आले, की ती मला मिळते. एका रविवारी मी मित्राला मागे बसवून नेरळहून माथेरानच्या घाटाला लागलो. दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्यांना बंदी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या गाडीने ती बंदी निम्म्या घाटातच स्वतःवर लादून घेतली. एका चढाच्या वळणावर ती इतकी मंदावली, की मित्राला उतरून चालावे लागले. मागून येणाऱ्या टॅक्सीतल्या पाहुण्यांनी आमच्याकडे पाहून केलेले स्मित अजून डोळ्यांपुढे आहे.

घरी आल्यावर मावसभावाने निदान केले. "अरे, गाडीचा श्वास कोंडलाय. तो डबा काढून टाक." फिल्टरचा डबा उघडला तर आतला कागद मातीने काळा पडलेला. आम्ही तो काढून फेकला, कार्बोरेटरच्या तोंडाला एक उघडी जाळी लावली आणि गाडी सुरू केली. काय सांगावे! एक्सलेटर पिळताच असा घोगरा हुंकार उठला, की शेजारचे कुत्रे उठून उभे राहिले. पिकअपही वाढल्यासारखा वाटला. 'वाटला' हा शब्द मी आज मुद्दाम वापरतो आहे, कारण घड्याळ लावून पाहण्याचे त्या दिवशी आमच्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

आता कार्बोरेटर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. जुन्या काळी ढेकूण-डासांवर मारायचा फ्लिटचा पंप असे, तो अनेकांनी पाहिला असेल. हवेचा झोत नळीच्या तोंडावरून वेगाने गेला, की तेथला दाब कमी होतो आणि खालच्या डब्यातले औषध वर ओढले जाऊन त्याचे तुषार होतात. कार्बोरेटरची मूळ युक्ती हीच. इंजिन हवा ओढते, ती अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि जेट नावाच्या बारीक भोकातून पेट्रोल वर खेचले जाते. १८९३ साली हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी अशा कार्बोरेटरचे पेटंट घेतले. त्यानंतर शंभरांवर वर्षे जगातल्या गाड्या याच तत्त्वावर धावल्या.

यातले गणित नाजूक आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळते, काळा धूर येतो, प्लग काजळतो, ॲव्हरेज घसरते. हवा जास्त झाली तर मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते आणि प्रमाणाबाहेर तापते. कारखान्यात जेटचे भोक ठरवतात ते फिल्टरचा अडथळा जमेस धरूनच. फिल्टर काढला, की हवा सहज आत येते, जेटवरची ओढ कमी होते आणि पेट्रोल आवश्यकतेपेक्षा कमी येते. म्हणून फिल्टर बदलणाऱ्याला जेटही बदलावा लागतो, सुईची उंची पाहावी लागते, प्लग पुन्हा पुन्हा काढून त्याचा रंग तपासावा लागतो. तो फिकट तपकिरी हवा. पांढरा पडला तर मिश्रण पातळ, काळा पडला तर दाट. आम्ही यातले काहीच केले नाही.

मग पहिले काही दिवस गाडी चांगली का चालली? कारण जुना फिल्टर मातीने तुंबलेला होता. इंजिनाचा श्वास खरोखरच कोंडला होता, हे मावसभावाचे निदान खरेच होते; चूक झाली ती उपायात. घाण काढायची होती, आम्ही गाळणेच काढून टाकले. नवा फिल्टर तीन-चार दिवसांच्या पेट्रोलच्या पैशात आला असता. कागदी फिल्टर बदलायचा असतो आणि स्पंजचा असेल तर धुऊन, हलके तेल लावून पुन्हा बसवायचा असतो. ही सगळी माहिती गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत होती. ती पुस्तिका आमच्या सीटखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली होती. पुस्तके न उघडण्याची सवय परीक्षेपुरतीच असते असे थोडेच आहे!

हिवाळा सरला. आमच्याकडचे रस्ते उन्हाळ्यात कसे असतात ते सांगायला नको. खडीचे डंपर पुढे गेले, की मागच्याचे डोळे मिटतात. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, काळ्या पाषाणाचा. ज्या दगडाची आपल्या आज्यांनी जाती आणि पाटे वापरले, त्याच दगडाची पूड आमच्या उघड्या जाळीतून रोज इंजिनात जात होती. दगडाने दाणे दळावेत, त्याने आमचे इंजिन दळले. मे महिन्यात पुंगळीतून निळा धूर येऊ लागला. गाडी ऑइल खाऊ लागली. शेवटी एके पहाटे पावाच्या लाद्या बांधलेल्या असताना ती सुरूच होईना.

मिस्त्रींनी इंजिन उघडले. सिलिंडरच्या आत बोट फिरवून ते मला म्हणाले, "बघ, हात लाव." गुळगुळीत आरशासारखी हवी ती भिंत, तिला उभ्या रेघा पडल्या होत्या. रिंगा गेल्या होत्या, पिस्टनही गेला होता. "फिल्टर कुणी काढला?" त्यांनी विचारले. मी गप्प राहिलो. वडीलही शेजारी उभे होते, तेही गप्प. बोअरचे काम आणि नवा पिस्टन मिळून जे बिल झाले ते माझ्या वर्षाच्या फीपेक्षा थोडे जास्त होते. आठ दिवस वडिलांनी शेजाऱ्यांची सायकल मागून घेऊन जवळची दुकाने सांभाळली. लांबची दोन गिऱ्हाइके सुटली ती सुटलीच. ते मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मला एकदा विचारायचं होतंस रे." रागावले असते तर बरे झाले असते.

याच दुरुस्तीत एक गोष्ट उघड झाली. गाडीचा पट्टा झिजून अरुंद झाला होता आणि पुलीतल्या रोलरना सपाट चट्टे पडले होते. इंजिन जी काही ताकद देत होते ती मागच्या चाकापर्यंत नीट पोचतच नव्हती. म्हणजे नेरळच्या घाटात मित्राला उतरावे लागले त्याचे अर्धे कारण फिल्टर तुंबणे हे होते आणि अर्धे कारण आम्ही ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते ते होते. नवा पट्टा, नवे रोलर, नवा फिल्टर आणि कारखान्याने दिलेलाच जेट, एवढ्यावर पावसाळ्यानंतर आम्ही दोघे त्याच घाटाला पुन्हा लागलो. त्या वळणावर मित्र उतरला नाही. आवाज मात्र अगदी साधा होता. टॅक्सीतल्या कोणी वळून पाहिले नाही.

यावर काही मित्र म्हणतील, "मग काय, गाडीत कधी काही बदल करायचाच नाही?" माझे तसे मुळीच म्हणणे नाही. शर्यतीच्या गाड्यांवर जाणकार माणसे फिल्टर, जेट, पुंगळी या सर्वांचा मेळ बसवतात आणि तो अभ्यासाचा विषय आहे. परंतु शर्यतीचे इंजिन थोडा वेळ धावते आणि पुन्हा उघडले जाते. आपल्या स्कूटरला रोज पाव पोचवायचे असतात. शिवाय लहान इंजिनातून या खटाटोपाने मिळणारा लाभ किरकोळ असतो, तोटा मात्र पदरचा. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. आणि मोठा जेट टाकून मिश्रण दाट केले, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढून पीयूसीच्या तपासणीत गाडी नापास होण्याची वेळ येते.

आपल्या प्राध्यापकांपैकी काहींच्या घरी कधीकाळी चेतक असेल. १९७२ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून ती बाहेर पडू लागली आणि नंबर लावून लोकांनी तिची वर्षानुवर्षे वाट पाहिली. म्हणूनच की काय, त्या पिढीला गाडीचा प्लग काढून घासता येत असे आणि ती सुरू होत नसली तर एका अंगावर कलती करून मग किक मारावी, हेही ठाऊक असे. ते काही इंजिनिअर नव्हते. शिक्षक, कारकून, दुकानदार होते. आपल्याला गाडी सहज मिळते, म्हणून ती समजून घेण्याची गरज वाटत नाही. पण ती बदलण्याची घाई मात्र फार.

आपल्या कर्जत स्टेशनचेच उदाहरण घ्या. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. आजही पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या कर्जतला थांबतात, त्यांना मागून बँकर इंजिने लागतात आणि मगच त्या घाट चढू लागतात. घाट चढायचा म्हणून गाडीचा एखादा भाग काढून फेकावा, असे तेथे कोणी म्हणत नाही. रोज डोळ्यांसमोर घडणारी ही गोष्ट मी प्लॅटफॉर्मवर वडा खात कितीदा तरी पाहिली होती. तिचा अर्थ मात्र इंजिन दळले गेल्यावर कळला.

माझे मत थोडक्यात असे. गाडी मंदावली तर आधी कारण शोधा: चाकातली हवा, प्लग, फिल्टर, पट्टा. बदल करायचाच असेल तर आधी मोजा आणि नंतरही मोजा. कानावर विश्वास ठेवू नका. आणि ज्याच्या पोटापाण्याची ती गाडी आहे, त्याला आधी विचारा. आपल्या महाविद्यालयाने एखाद्या शनिवारी गावातल्या मिस्त्रींना सन्मानाने बोलावून आवारात एक स्कूटर उघडून दाखवावी, अशीही माझी सूचना आहे. भाषा आणि इतिहास शिकणाऱ्या हातांना थोडे ऑइल लागले तर काही बिघडणार नाही.

राहता राहिला आवाज. वक्तृत्व स्पर्धेत जो मोठ्याने बोलतो त्याला टाळ्या पडतात, पण मुद्दा त्याने मांडलेलाच असतो असे नाही, हे आपण सर्व जाणतोच. ही गोष्ट स्कूटरलाही लागू पडते, हे शिकायला मला एक पिस्टन आणि वडिलांची दोन गिऱ्हाइके खर्ची घालावी लागली. वाचकांपैकी एकाचा जरी फिल्टर या लेखाने जागेवर राहिला, तरी तो खर्च थोडाफार वसूल झाला असे मी समजेन.