बकुळीहार मोडावा का?



कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि आपल्या घराघरांतून लग्नखरेदीच्या याद्या बाहेर येऊ लागतात. कापड, भांडी, पत्रिका यांवर एकमत व्हायला फारसा वेळ लागत नाही. यादी अडते ती दागिन्यांपाशी. अलीकडे मुलींची आवड पाने, फुले, वेली, फुलपाखरे यांच्याकडे वळली आहे. सराफाच्या काचेआड एक लहानसे उद्यानच मांडलेले दिसते आणि विक्रेता ते परदेशी तऱ्हा म्हणून कौतुकाने दाखवितो. त्याच वेळी आजीच्या डब्यातील बकुळीहार मात्र ‘जुना घाट’ ठरून मोडीत निघतो. हे मला काहीसे विपरीत वाटते.

आपल्या दागिन्यांची नावेच पाहावीत. बोरमाळेत बोरे आहेत, जोंधळी पोतीत जोंधळ्याचे दाणे, जवमाळेत जव. पोहेहाराच्या चकत्या पोह्यांसारख्या चपट्या. कानापासून केसांपर्यंत जाणाऱ्या साखळीला आपण वेल म्हणतो. अंबाड्यात केवडा आणि सुवर्णफूल. कोयरी तर आंब्याच्या कोयीवरून आली. शेतातले धान्य आणि परसातले फूल ज्या स्त्रियांच्या रोजच्या हाताखालचे होते, त्यांच्यासाठी सोनारांनी हे घाट घडविले. बकुळीचे फूल सुकल्यावरही त्याचा सुगंध बराच काळ टिकतो. दूरच्या गावी दिलेल्या मुलीच्या गळ्यात हेच फूल घालावे, असे कोणाला पहिल्यांदा सुचले असेल, त्याच्या रसिकतेला मी मनोमन नमस्कार करतो.

श्रावकाला अलंकार वर्ज्य नाहीत. मर्यादा मात्र सांगितली आहे. उपासकदशांगातील आनंद श्रावक हा वाणिज्यग्रामचा धनिक. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात, असा त्याचा पसारा होता. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना त्याने उपभोगाच्या वस्तूंची एकेक मर्यादा बांधली. फुलांत त्याने श्वेत कमळ आणि मालतीची माळ एवढेच ठेवले. लगेच पुढे अलंकारांत कानातील आभूषण आणि नावाची मुद्रिका. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातही भोगोपभोगाच्या नियमात फुले आणि भूषणे ही दोन्ही येतात. सोने किती असावे हा प्रश्न तेव्हाही होता. आज पुष्कळ घरांत त्याचे उत्तर प्राप्तिकर खात्याच्या 1994 च्या परिपत्रकातून दिले जाते. विवाहितेचे 500 ग्रॅम, अविवाहितेचे 250 ग्रॅम आणि पुरुषाचे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने झडतीत जप्त करू नयेत, असे ते परिपत्रक सांगते. झडतीसाठी लिहिलेला हा आकडा परिग्रह-परिमाण म्हणून धरून चालणारे सज्जन मी पाहिले आहेत! आपला आकडा आपणच ठरवायचा असतो.

निसर्गाचे रूप असलेला दागिना आणि निसर्गातील जीवाच्या अंगातून काढलेला दागिना, यांतील भेद आपल्या घरांत तरी दिसायला हवा. पोवळे हा समुद्रातील सूक्ष्म प्राण्यांचा सांगाडा आहे. मोती शिंपल्यातील जीवाच्या देहात तयार होतो. संवर्धित मोत्यासाठीही एका शिंपल्याच्या अंगाचा तुकडा कापून दुसऱ्यात घालावा लागतो, आणि ज्याचा तुकडा घेतला तो जीव वाचत नाही. मोत्यांच्या व्यापारात आपल्या समाजाचे मोठे नाव होते आणि नथ-कुड्यांशिवाय वधू पुरी वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून घरात असलेली नथ टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. नवी घेताना मात्र मोत्यांच्या जागी सोन्याचे मणी घालून घेता येतात आणि ती उणी दिसत नाही. हस्तिदंताचा चुडा कायद्याने बंद झाला. त्यापूर्वी कित्येक शतके पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य निषिद्ध सांगितले होते, हे आपण सोयीने विसरलो होतो.

त्याच यादीत लाक्षावाणिज्यही आहे, आणि इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. बोरमाळेचे मणी किंवा कोल्हापुरी साजाची पाने बाहेरून सोन्याच्या पातळ पत्र्याची असली, तरी आत बहुधा लाख भरलेली असते. लाख हा किड्यांचा स्राव. ती काढताना असंख्य जीव जातात. म्हणून नवा दागिना घडविताना आत काय भरणार आहात, हे सोनाराला आधी विचारावे. या प्रश्नाचा व्यावहारिक लाभही आहे. बँकेत सोने तारण ठेवताना मूल्यांकन करणारा लाखेचे वजन वजा करतो, तेव्हा ग्राहकाचा चेहरा पडतो. ते वजन खरेदीच्या पावतीवर स्वतंत्र लिहून घेतलेले असेल, तर तो प्रसंग येत नाही.

साजाच्या पानांत कमळ, चंद्रकोर, कासव, शंख दिसतात. घडविणाऱ्यांच्या मनात दशावतार आणि अष्टमंगल आहेत. कोल्हापूर-सांगलीकडील आपल्या भगिनींना मात्र कमळात पद्मप्रभ, चंद्रकोरीत चंद्रप्रभ, कासवात मुनिसुव्रत आणि शंखात नेमिनाथ आठवावेत, यात काही वावगे नाही. घालणारीचा अर्थ घडविणाऱ्याच्या अर्थाशी जुळलाच पाहिजे असे थोडेच आहे?

आता घालण्याविषयी थोडे. माझ्या सौभाग्यवतींचा या विषयातील अधिकार मोठा असल्याने पुढील मते बव्हंशी त्यांचीच आहेत. बकुळीहार लांब असतो. त्याला मोकळी जागा लागते. भरजरी साडीवर त्याची फुले जरीत हरवून जातात. साध्या काठाच्या, गर्द एकरंगी सुती साडीवर प्रत्येक फूल वेगळे दिसते. गळ्याशी एखादी जोंधळी पोत, कानात लहान फूल, एवढ्यावर थांबावे. एकाच वेळी बकुळ, बोर, पोहे आणि कोयरी घातली, तर गळ्यात मंडई भरते. नोकरीवर जाणाऱ्या मुलीला एकपदरी जोंधळी मण्यांची माळ कोणत्याही पोशाखावर शोभते. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात दागिने कमी करण्याची जुनी रीत तर उत्तमच. मंदिरात दृष्टी मूर्तीवर असावी, शेजारणीच्या हारावर नव्हे.

मोडीचा हिशेब आमच्या नात्यातील एका घरात नुकताच मांडावा लागला. दोन नाती, आजीचा एक बकुळीहार. तो वितळवून दोघींना नव्या तऱ्हेची पानाफुलांची एकेक माळ करावी, असा विचार होता. समान वाटणी म्हणून तो न्याय्यही वाटत होता. मी कागद घेतला. समजा हार 60 ग्रॅमचा आहे. जुन्या कामात डागाचे प्रमाण बरेच असते, म्हणून वितळल्यावर शुद्धता 20 कॅरेट भरली, तर शुद्ध सोने 50 ग्रॅम. त्याचे 22 कॅरेटचे सोने साडेचोपन्न ग्रॅम होते. घडणावळ 12 टक्के धरली, तर त्यातून हाती येणारा दागिना साडेअठ्ठेचाळीस ग्रॅमच्या आसपास, आणि कर निराळाच. प्रत्येकीला चोवीस ग्रॅम. एवढे करून बकुळ राहिली नाही ती नाहीच.

दोघींनी आळीपाळीने घालावा, अशी सूचना पुढे आली. तिला मी विरोध केला. लॉकर विभागात अनेक वर्षे काढल्यामुळे ‘आळीपाळी’ या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. पहिली दोन वर्षे प्रेमाने जातात. पुढे एकीची बदली होते, दुसरीकडे किल्ली राहते आणि दिवाळीला फोन येईनासे होतात. अखेर हाराची चाचणी हॉलमार्किंग केंद्रात अल्प शुल्क देऊन करून घेतली आणि त्या दिवसाच्या भावाने मोल काढले. धाकटीला तो घालायची खरी हौस होती. थोरलीने तेवढ्याच मोलाच्या आजीच्या पाटल्या पसंत केल्या. आजी हयात असताना, तिच्या समोर आणि तिच्या संमतीने हे झाले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मागाहून वाटणी करणाऱ्यांना आजीचे मन कोण सांगणार?

हाराची तीन फुले सैल झाली होती. ती सोनाराने बसवून दिली आणि पटवेकऱ्याने नवा गोंडा ओवला. खर्च नव्या माळेच्या घडणावळीच्या पासंगालाही पुरला नसता. असा जुना दागिना घरी धुताना कोमट पाण्यात रिठा पुरे. आत लाख असेल तर उकळत्या पाण्यात मुळीच घालू नये, ती मऊ होऊन पत्रा वाकडा होतो. डबीत एक चिठ्ठीही ठेवावी: दागिना कोणाचा, कोणत्या प्रसंगी केला, वजन किती, आत काय भरले आहे, आणि यानंतर तो कोणाकडे जावा. दुकानातल्या प्रत्येक पोत्याची नोंद आपण वहीत ठेवतो. ही चिठ्ठी लिहायला पाच मिनिटे लागतात. आजीला विचारून ती या दिवाळीतच लिहून घ्यावी.