‘कारण सापडले नाही’ लिहिण्याआधी

स्वादुपिंडाला अचानक सूज येऊन दाखल झालेला रुग्ण बरा होऊन घरी निघतो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर कधी कधी ‘इडिओपॅथिक’ असा शब्द असतो. म्हणजे कारण सापडले नाही. दारू नाही, सोनोग्राफीत खडा नाही, रक्तातले कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइडही ठीक. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड केल्याशिवाय हा शब्द लिहू नये, असे मला ठामपणे वाटते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीला नेमके याच आजारात कमी दिसते. सुजेने आतडी मंदावतात, त्यांत वायू भरतो आणि ध्वनिलहरी तिथेच अडतात. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडमध्ये मात्र दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब असतो. तोंडावाटे जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला ती पोहोचली, की पित्तनलिका आणि स्वादुपिंड भिंतीला लागूनच असतात. दोन-तीन मिलिमीटरचा खडा, पित्ताशयात साचलेला गाळही तिथून दिसू शकतो. नेदरलँड्समध्ये कारण न सापडलेल्या 105 रुग्णांची अशी तपासणी झाली, तेव्हा 34 जणांत संभाव्य कारण हाती लागले. त्यांपैकी 24 जणांचा आजार पित्ताशी संबंधित होता.

यावर तज्ज्ञांचा आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. खड्यांमुळे आलेली सूज गंभीर होण्याची चिन्हे असलेल्या 83 रुग्णांची नेदरलँड्समध्येच ही तपासणी तातडीने केली गेली आणि खडा किंवा गाळ दिसला त्यांचीच ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनलिका मोकळी करण्याची प्रक्रिया, केली. तरीही गुंतागुंत आणि मृत्यू घटले नाहीत. म्हणून पहिल्या दिवसांत घाई नको, हे मान्यच. पण ही तपासणी चालू झटका थोपवण्यासाठी मी मागत नाही. पुढचा झटका टाळण्यासाठी मागतो. शिवाय त्या 83 पैकी 35 जणांत खडा वा गाळ दिसलाच नाही. ईआरसीपीमुळेच कधी कधी स्वादुपिंडाला सूज येते, हे ध्यानात घेतले तर त्यांचा वाचलेला धोका लहान नाही.

खर्चाचा आणि अंतराचा प्रश्न खरा आहे. ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांत आहे, म्हणून सरसकट प्रत्येकाला तिकडे धाडू नये. साध्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, सूज सौम्य असली आणि नलिकेत खडा असल्याची शंका नसली, तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढावे. खरी अडचण कारण न कळलेल्यांची आहे. सूज ओसरल्यावर तपासणी केली तर चित्र स्पष्ट मिळते, पण पोट दुखायचे थांबले की माणूस फिरकत नाही. त्यामुळे घरी सोडतानाच केंद्राचे नाव आणि ठरलेली तारीख कार्डावर लिहावी, आणि ती का पाळायची हे घरच्यांना बसवून समजावून सांगावे.