ताप उतरल्यानंतरची सावधगिरी

श्रावणसरी सुरू झाल्या कीं आमच्या मोहोपाड्यास घरोघरीं खोकल्याचे आवाज उठूं लागतात. बहुतेकांचें दुखणें चार-सहा दिवसांत विश्रांतीवर निभावतें. पण अशा वेळीं औषधांच्या डब्यांतील जुन्या गोळ्या बाहेर निघतात, तेव्हां मला २०२१ सालचा प्रसंग आठवतो, व स्वतःची चूक वाचकांपुढें मांडावीशी वाटते.

त्या वर्षीं एप्रिलांत माझा पुतण्या करोनानें अंथरुणास खिळला. वय अडतीस, प्रकृति धडधाकट. दुसऱ्या दिवशीं ताप १०३ अंशांवर गेला, तेव्हां मीं डब्यांतून स्टेरॉइडच्या उरलेल्या गोळ्या काढिल्या. शेजारच्या गृहस्थांस त्यांनींच गुण आला होता, एवढेंच माझें प्रमाण! वहिनींनीं स्पष्ट बजाविलें, “भाऊजी, डॉक्टरांनीं सांगितल्याखेरीज नको.” मला राग आला, पण गोळ्या परत ठेविल्या.

सातव्या दिवशीं ताप उतरला. सर्वांस हायसें वाटलें. तो गप्पाही मारीत होता. परंतु बोटास लावावयाच्या यंत्रानें रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण ८६ टक्के दाखविलें. निरोगी माणसांत तें बहुधा ९५ च्या वर असतें. त्याच रात्रीं रुग्णालयांत त्यास प्राणवायु लाविला, आणि आश्चर्य असें कीं डॉक्टरांनीं दिलेलें औषध स्टेरॉइडच होतें. मग माझें चुकलें काय?

फुप्फुसांत कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांची भिंत इतकी पातळ असते कीं पलीकडील केशवाहिन्यांतल्या रक्तांत प्राणवायु सहज झिरपतो. विषाणु ह्या भिंतींतील पेशींत शिरून वाढतो. त्या पेशी रासायनिक संदेश धाडून शरीराच्या रक्षकांस बोलावितात. श्वेत पेशी धांवून येतात. त्यांस वाट मिळावी म्हणून केशवाहिन्या सैल होतात. येथवर सर्व आवश्यकच आहे. पण कांहीं रोग्यांत विषाणु ओसरूं लागला तरी हांकाटी थांबत नाहीं. आलेले रक्षक आणखी रक्षकांस बोलावितात, यादवी माजते, आणि शत्रूसाठीं सोडलेलीं द्रव्यें आपल्याच भिंती जाळितात. सैल वाहिन्यांतून पाणी व प्रथिनें कोशांत उतरतात, कोश मिटूं लागतात, बारीक वाहिन्यांत गुठळ्या धरतात. श्वास आंत जातो, पण प्राणवायु रक्तापर्यंत पोंचत नाहीं.

हा प्रकार केवळ करोनाचा नव्हे. १९१८ च्या जूनमध्यें मुंबईंत उतरलेल्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्यांत वीस ते चाळीस वयाचे धट्टेकट्टे पुष्कळ होते. मागाहून होणारा जंतूंचा न्यूमोनिया हें एक मोठें कारण होतेंच. तथापि तरुणांचा जोरदार प्रतिकारच त्यांच्यावर उलटला असावा, असेंही एक अनुमान आहे.

स्टेरॉइड ही हांकाटी शमवितें. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकारानें झालेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तींत जास्त दहा दिवस दिल्यानें श्वसनयंत्रावरील रोग्यांचे मृत्यु सुमारें एक-तृतीयांशानें व नुसत्या प्राणवायूवरील रोग्यांचे एक-पंचमांशानें घटले. मात्र ज्यांस प्राणवायु लागत नव्हता त्यांस कांहींच लाभ दिसला नाहीं. दुसऱ्या दिवशीं विषाणूचा जोर असतो. तेव्हां रक्षकांसच नि:शस्त्र करणें हें शत्रूस साहाय्य होय. शिवाय २०२१ मध्यें म्युकरमायकोसिस ह्या बुरशीच्या रोगानें महाराष्ट्रांत अनेकांची दृष्टि व प्राण घेतले. त्यामागें अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा अवाजवी वापर हीं मोठीं कारणें होतीं.

तात्पर्य, औषध तेंच. काळ चुकला कीं त्याचें अपथ्य होतें. घरांत असें दुखणें आलें तर पहिल्या दिवसापासून तिथि मोजावी. ताप उतरला तरी पांचव्या ते दहाव्या दिवसांत धाप लागते काय, ओंठ निळसर दिसतात काय, यंत्राचा आंकडा ९४ च्या खालीं जातो काय, हें पाहावें, व तसें दिसल्यास डॉक्टरांकडे नेण्यास क्षणाचाही विलंब करूं नये.

पुतण्या पंधरवड्यानें सुखरूप घरीं आला. औषधांचा डबा तेव्हांपासून वहिनींच्या कपाटांत आहे. किल्ली मागण्याचें धैर्य मला अद्याप झालेलें नाहीं.