हशाची चाहूल

विनोदी चित्रपटाच्या ट्रेलरने हशा खर्चून टाकावा, की त्याची केवळ चाहूल द्यावी? हल्लीच्या अनेक ट्रेलरमध्ये संगीत अचानक थांबते, पात्र विनोदी वाक्य टाकते आणि संगीत पुन्हा उसळते. हसण्याची जागा जणू बोट धरून दाखवली जाते.

याउलट स्टॅनली कुब्रिक यांच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) या अणुयुद्धावरील उपहासपटासाठी पाब्लो फेरो यांनी केलेला ट्रेलर पाहावा. पडद्यावर एकेक शब्द झळकतो. मधूनमधून निमिषभराची दृश्ये, संवादांचे तुकडे येतात. कथा उलगडत नाही, विसंगती मात्र जाणवते.

विनोदाचा प्राण विसंगतीतच असतो. म्हणून संकलनाने विनोद सांगू नये, त्याची लय ऐकवावी, असे आम्हांस वाटते. ट्रेलरमध्येच हसून घेतलेला प्रेक्षक चित्रपटगृहात केवळ उजळणी करतो.