संगत आणि घर

वडोद्याजवळच्या कोयली येथे १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि ठिकठिकाणची कुटुंबे नोकरीनिमित्त तेथे आली. अशा वसाहतीत वाढणारे मराठी मूल आईशी मराठी बोलते, पण उंबरठा ओलांडताच गुजराती. ती त्यास शिकविली कोणी? सवंगड्यांनी. ज्युडिथ रिच हॅरिस या अमेरिकन लेखिकेने १९९८ साली ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, मुलाच्या घडणीत आईबापांहून सोबत्यांचाच वाटा मोठा. भाषेपुरते आम्हांस हे मान्य आहे. त्यापुढे मात्र मन कचरते, आणि त्यास कारण याच गुजरातेतील राजकोटचे एक घर.

मोहनदास गांधी शाळेत असता एका मुलाशी त्यांची गट्टी जमली. ही संगत बरी नव्हे, असे आई, थोरले बंधू व पत्नी या तिघांनीही बजावले. आपण मित्रास सुधारू, असे सांगून त्यांनी मैत्री चालूच ठेवली. इंग्रज मांस खातात म्हणून राज्य करतात, असे पटवून मित्राने त्यांस चोरून मांस खावयास लावले. (आम्हां मांस खाणाऱ्यांस यात विशेष वाटणार नाही, पण ते घर कडवे वैष्णव होते.) वर्षभरात पाच-सहा वेळा हे घडले. त्या दिवशी घरी जेवण जाईना आणि आईने विचारले की अपचनाची सबब सांगावी लागे. हे खोटे बोलणेच त्यांस बोचू लागले व मांस सुटले. मित्र मात्र सुटला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पुढे पंधराव्या वर्षी, भावाचे सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्यांनी त्याच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला. मग सारे कागदावर लिहून, शिक्षा मागून, ती चिठ्ठी आजारी वडिलांच्या हाती दिली. माराचे भय नव्हते. वडील स्वतःचेच कपाळ बडवून घेतील, हे भय होते. वडिलांनी उठून बसून चिठ्ठी वाचली. अश्रूंनी कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी ती फाडून टाकली व पुन्हा आडवे झाले.

करमचंद गांधी स्वभावाने तापट होते. मुलाचे सोबती कोण, याची कसून चौकशी करणारे पालक आम्हांस पुष्कळ भेटतात. पण त्या दिवशी करमचंदांनी घर डोक्यावर घेतले असते, तर मुलाची पुढली चिठ्ठी कोणाच्या हाती गेली असती? बहुधा त्या मित्राच्याच.