न्यूनतम दर आणि द्रव्याचे चार गुण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी द्रव्याचे पुन्हा चार गुण आचार्यांनी सांगितले. बहुता, योग्यत्व, अनेकविधकल्पना आणि संपत्. औषध पुरेसे उपलब्ध असावे, व्याधीस योग्य असावे, त्याचे विविध कल्प करता यावेत आणि ते आपल्या रसवीर्यादी गुणांनी संपन्न असावे, असा त्याचा आशय. शासकीय औषधखरेदीत मात्र अखेरचा निर्णय ज्या गुणावर होतो तो या चारांत कोठेही नाही. तो पाचवा गुण म्हणजे न्यूनतम दर.

निविदा, लखोटे, बयाणा रक्कम, दरकरार हे शब्द उच्चारले की आपल्यापैकी बहुतेक वैद्य हा कंत्राटदारांचा विषय आहे असे समजून पान उलटतात. आपला संबंध रुग्णाशी, शासनाच्या भांडाराशी नाही, अशी आपली भूमिका असते. परंतु परिस्थिती बदलली आहे. २०१४ साली राष्ट्रीय आयुष अभियान सुरू झाले आणि केंद्र व राज्य यांच्या वाटणीने आयुर्वेदीय औषधांसाठी नियमित अनुदान येऊ लागले. याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपासून आमच्या विरार-बोळिंजच्या म्हाडा वसाहतीपर्यंत या जिल्ह्यात असे असंख्य रुग्ण आहेत, ज्यांच्या तोंडी आयुर्वेदाचे पहिले औषध जाईल ते शासकीय दवाखान्यातील असेल. ते औषध निष्प्रभ ठरले तर दोष पुरवठादाराच्या नावे लागत नाही. ‘आयुर्वेदिक औषध घेऊन पाहिले, गुण आला नाही’ एवढेच तो रुग्ण म्हणतो आणि ते वाक्य घेऊनच तो आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतो, किंवा चढतच नाही.

न्यूनतम दराने काय होते हे सितोपलादि चूर्णाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. या योगात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ भाग, एकूण ३१. अर्ध्याहून अधिक चूर्ण मुळातच साखर आहे. आता वेलचीचा आणि उत्तम वंशलोचनाचा बाजारभाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्याला दर उतरवायचा आहे त्याच्यापुढे मार्ग सरळ आहे : साखर थोडी वाढवावी, वंशलोचनाच्या जागी कृत्रिम पांढरी पूड घालावी, वेलचीची टरफले दाण्यांसह दळावीत. डबीवर नाव तेच, रंग जवळपास तोच, चव तर अधिकच गोड. भांडारपाल डब्या मोजून घेतो आणि नोंदवहीत लिहितो. जो फार्मसीवाला योग पाठाप्रमाणे बनवतो त्याचा दर अर्थातच वरचा निघतो आणि तो स्पर्धेतून बाद होतो. प्रामाणिकपणाला दंड आणि लबाडीला पुरवठा आदेश, असा हा व्यवहार आहे.

येथे एक गोष्ट नि:पक्षपातीपणे सांगितली पाहिजे. न्यूनतम दराचा नियम कोणा दुष्टाने केलेला नाही. सार्वजनिक पैसा खर्चणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या मर्जीतील माणसाला चढ्या भावाने कंत्राट देऊ नये, यासाठीच तो आहे. शिवाय नियमात पळवाट नव्हे, राजमार्गच ठेवलेला आहे. दोन लखोट्यांच्या पद्धतीत प्रथम तांत्रिक लखोटा उघडतात. त्यात जो अपात्र ठरेल त्याचा दराचा लखोटा उघडलाच जात नाही. म्हणजे न्यूनतम दराची स्पर्धा पात्र मालामध्येच व्हावी, अशी मूळ कल्पना आहे. दोष आहे तो तांत्रिक अटी लिहिण्यात. ‘सितोपलादि चूर्ण, १०० ग्रॅम, जीएमपी प्रमाणपत्र आवश्यक’ एवढ्यावर अट संपली, तर पुढे दराखेरीज तुलना करण्यासारखे उरतेच काय? जीएमपीची अट, म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘टी’, २००० सालापासून लागू आहे. ती कारखान्याविषयी सांगते; समोरच्या डबीत पिंपळी किती आहे हे सांगत नाही.

आता काही ज्येष्ठ सहकारी असे म्हणतात की स्पर्धेची ही कटकटच नको, शासनाने शासकीय उपक्रमाकडूनच औषधे घ्यावीत. हे मत विचारात घेण्याजोगे आहे. उत्तराखंडात अल्मोडा जिल्ह्यातील मोहान येथे इंडियन मेडिसिन्स फार्मास्युटिकल्स कॉर्पोरेशन, म्हणजे आयएमपीसीएल, हा १९७८ साली स्थापन झालेला केंद्र शासनाचा उपक्रम आहे. आयुष अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधांच्या अनुदानापैकी किमान ५० टक्के रकमेची खरेदी आयएमपीसीएल, सार्वजनिक उपक्रम, राज्यांच्या शासकीय फार्मसी आणि सहकारी संस्था यांच्याकडून करावयाची होती. उत्तर प्रदेश शासनाने या सूचनेचा आधार घेऊन निविदा न काढता थेट आयएमपीसीएलकडून औषधे घेतली. केरळमधील एका आयुर्वेदीय सहकारी संस्थेने त्यास अलाहाबाद उच्च न्यायालयात आव्हान दिले. तेथे तिच्या बाजूने निर्णय लागला आणि ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निविदा हा नियम आहे आणि थेट नामनिर्देशन हा अपवाद. अपवाद करावयाचा तर त्याची सबळ कारणे शासनाने दाखविली पाहिजेत. सूचनांत सहकारी संस्थांचीही नावे असताना एकालाच निवडणे हे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असा त्या निर्णयाचा सारांश.

मला हा निर्णय आयुर्वेद क्षेत्रासाठी महत्त्वाचा वाटतो, आणि तो केवळ लहान फार्मसींना दार उघडतो म्हणून नव्हे. शासनाचा शिक्का म्हणजे गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे त्याने अप्रत्यक्षपणे सांगितले. पण दार उघडले तरी आत जाण्याची आपली सिद्धता आहे का, हा खरा प्रश्न आहे. एक लहानशी सहकारी संस्था इतक्या दूरवरून न्यायालयात उभी राहिली. महाराष्ट्रात फार्मसींची परंपरा एवढी मोठी असताना आपण किती निविदांच्या अटींवर साधी लेखी हरकत नोंदवली आहे?

दुसरा प्रश्न काळाचा. शार्ङ्गधराचार्यांनी औषधांच्या वीर्यकाळाचा विचार सांगितला आहे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटी व अवलेह वर्षभर टिकतात, तर आसव आणि रसौषधी जुनी होतील तशी अधिक गुणकारी. आजच्या नियमांत चूर्णाला दोन वर्षांची मुदत आहे. आधुनिक वेष्टन पाहता ती मान्य करू. परंतु खरेदीचा प्रघात काय? अनुदान वर्षाच्या उत्तरार्धात येते, मार्चअखेर ते खर्ची पडावेच लागते, म्हणून वर्षभराचे चूर्ण एकाच खेपेत भांडारात येऊन पडते. त्यावर लगेच आपल्या किनाऱ्याचा पावसाळा. अर्नाळा-राजोडीकडून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेत पातळ पिशवीतील चूर्णाचे काय होते हे बोळिंज-आगाशीच्या कोणाही वैद्याला सांगण्याची आवश्यकता नाही. कौटिल्यानेही दुर्गातील औषधे, तेले, धान्ये यांचा अनेक वर्षांचा साठा सांगताना नव्याने जुने बदलत राहण्याची आज्ञा केली आहे. आसवारिष्टे वर्षाची एकदम घ्या, पण चूर्णे तिमाही हप्त्यांत घ्या, एवढी एक ओळ पुरवठा आदेशात घातली तर खर्चात वाढ न होता औषधाचे वीर्य टिकेल. ही ओळ भांडारपालाला सुचणार नाही. ती वैद्यानेच सांगितली पाहिजे.

याउलट केवळ यंत्रणा बदलून काय साधते, याचा अनुभव राज्याने घेतला आहे. २०१७ साली राज्याच्या औषधखरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे एकवटण्यात आले. पुढे २०२३ साली स्वतंत्र कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत तीसहून अधिक रुग्ण दगावले, औषधटंचाईची चर्चा झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वत:हून दखल घेतली. त्या घटनेची कारणे अनेक असतील. पण खरेदीची फाइल आणि रुग्णाची खाट यांत किती थोडे अंतर असते, हे सर्वांना दिसले.

फार्मसीमालकांची बाजूही मांडली पाहिजे. माल वेळेवर दिला तरी देयक वेळेवर मिळत नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे. भांडवल अडकते, म्हणून चांगला उत्पादक शासकीय निविदेच्या वाटेला जात नाही आणि मैदान व्यापारी मध्यस्थांना मोकळे राहते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी सुलभीकरण परिषद आहे. केंद्राच्या खात्यांनी व उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून करावी आणि त्यांना बयाणा रकमेत सूट द्यावी, असेही धोरण आहे. मात्र हे संरक्षण प्रामुख्याने उत्पादकाला आहे. केवळ औषधविक्री करणाऱ्या बंधूंनी उद्यम नोंदणी केली म्हणून ते लागू होते असा गैरसमज करून घेऊ नये.

इथवर दोष इतरांचे सांगितले. आता आपला. सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका परिचित विक्रेत्याने माझ्या औषधालयाच्या दोन कोऱ्या पत्रशीर्षांवर सही मागितली. एका कार्यालयाची लहानशी खरेदी होती, तीन दरपत्रके जोडायची होती, ‘सोबतीला’ एक हवे होते. मी सही करून दिली. यात काही गैर आहे असे तेव्हा वाटलेही नाही, सगळेच देतात. पुढे काही महिन्यांनी माझ्याकडे खोकल्याची एक रुग्णा आली. दवाखान्यातून मिळालेली पुडी तिने पुढे केली. चूर्णाचा खडा झाला होता, जिभेवर ठेवले तर साखरेवाचून काही लागेना. ते चूर्ण कोणत्या पुरवठ्यातले, हे मी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

‘सोबतीचे दरपत्रक’ या सौम्य नावाखाली आपण जे देतो त्याला स्पर्धा अधिनियम, २००२ संगनमत म्हणतो. कायदा बाजूला ठेवला तरी त्याचा अर्थ स्पष्ट आहे. तीन दरपत्रके मागण्याचा नियम ज्या एका उद्देशाने केला, तो उद्देश आपण आपल्या सहीने मारून टाकतो आणि नंतर शासकीय औषधे निकृष्ट असतात अशी कुरकुर करतो.

म्हणून आपल्या संघटनेपुढे मी पुढील गोष्टी ठेवू इच्छितो. पहिली, कोणाही सभासदाने सोबतीचे दरपत्रक देऊ नये, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत व्हावा. दुसरी, नित्य वापरातील वीस-पंचवीस कल्पांचे तांत्रिक निकष आयुर्वेदीय फार्माकोपियाच्या आधारे मराठीत तयार करून ते महानगरपालिका, जिल्हा परिषद व प्राधिकरण यांना द्यावेत. घटकांचे प्रमाण, ओळखचाचण्या, आर्द्रतेची मर्यादा, वेष्टन, प्रत्येक बॅचचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि भांडारात आल्यावर स्वैर नमुना घेण्याची अट, हे सर्व त्यात असावे. तिसरी, निविदापूर्व बैठकांना आपला एक प्रतिनिधी उपस्थित राहावा. निविदा भरणाऱ्याने हे काम करू नये. तेथे हितसंबंध आड येतात. चौथी, जिल्ह्यातील लहान फार्मसींनी एकत्र येऊन सहकारी संस्थेचा विचार करावा. उलाढालीच्या अटी एकेकट्याला पेलत नाहीत, एकत्रितपणे पेलू शकतात. शेजारच्या शहापूर तालुक्यातील आदिवासी बांधवांनी गुळवेल गोळा करून मोठ्या कंपन्यांना पुरविण्यापर्यंत मजल मारली, ती एकत्र आल्यामुळेच.

यावर ‘अटी कडक केल्या तर दर वाढतील’ असा आक्षेप येईल. येऊ द्यावा. दर वाढतील हे खरे आहे. त्याच अनुदानात कदाचित शंभर डब्यांऐवजी सत्तर येतील. परंतु साखरेच्या शंभर डब्यांपेक्षा सितोपलादीच्या सत्तर डब्या अधिक आहेत, हे हिशेब तपासनीसाला पटवून देण्याचे काम वैद्याशिवाय कोण करणार?

माझ्यापुरते सांगतो. त्या दोन कोऱ्या कागदांनंतर मी तशी सही केलेली नाही. पण न करणे पुरेसे नाही, हे उशिरा कळले. त्या रुग्णेला मी त्या दिवशी माझ्याकडचे चूर्ण दिले, खोकला गेला. ज्यांच्या हाती तीच पुडी पडली आणि जे माझ्याकडे आले नाहीत, त्यांचे काय झाले असेल, हा विचार अजूनही मनातून जात नाही. ठरावाचा मसुदा मी कार्यकारिणीकडे लेखी पाठवीत आहे. त्यावर पहिली सही माझी आहे.