दुकानातल्या मालाचा विमा आहे, पण ग्राहकाला इजा झाली तर?

दुचाकी रस्त्यावर आणायची असेल तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई बुडू नये, हा त्यामागचा उद्देश. पण ज्या दुकानात दिवसाला शंभर माणसे येतात, ज्या मंगल कार्यालयात एका वेळी हजार पाहुणे जेवतात, त्यांना अशी सक्ती सहसा नाही. जालन्यासारख्या व्यापारी जिल्ह्यात या त्रुटीकडे आतातरी गांभीर्याने पाहायला हवे.

बँकेने काढायला लावलेला विमा कोणासाठी?

नव्या मोंढ्यातील आडत दुकान असो, एमआयडीसीतील फॅब्रिकेशनचे शेड असो की भोकरदनचे कृषी सेवा केंद्र, कर्ज घेतले की बँक माल आणि मशिनरीचा विमा काढायला लावते. 1 एप्रिल 2021 पासून लहान उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली. एका ठिकाणची 5 कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता तिच्यात येते. 5 ते 50 कोटींसाठी 'भारत लघु उद्यम सुरक्षा' आहे. दोन्ही उपयुक्त आहेत, पण आग, पूर, वादळ अशा संकटांत तुमच्या मालमत्तेचे होणारे नुकसान हाच त्यांचा विषय. तुमच्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान त्यांच्या कक्षेत येत नाही.

म्हणजे बँकेचे कर्ज सुरक्षित झाले. दुकानाच्या पायरीवर पडून ज्याचा पाय मोडला, तो ग्राहक मात्र वाऱ्यावर आणि मालकही. आपल्याकडे बहुतेक लहान धंदे प्रोप्रायटरशिपचे असतात. तिथे कायद्याच्या दृष्टीने मालक आणि धंदा एकच. भरपाईचा आदेश निघाला तर वसुली गल्ल्यापुरती थांबत नाही, ती घर आणि शेतीपर्यंत जाऊ शकते.

पब्लिक लायबिलिटी म्हणजे काय?

तुमच्या व्यवसायामुळे तिऱ्हाईत व्यक्तीला इजा झाली, तिचा मृत्यू झाला किंवा तिच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि कायद्याने तुम्ही जबाबदार ठरलात, तर ती भरपाई विमा कंपनी देते. कोर्टकचेरीचा खर्चही पॉलिसीच्या अटींनुसार मिळतो. कारखान्यांसाठी आणि दुकाने, हॉटेले, सभागृहे यांसाठी वेगवेगळ्या पॉलिसी असतात. दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत हा भाग ऐच्छिक असतो आणि तो निवडला तरच लागू होतो.

तिऱ्हाईत कोण, हे घाटकोपरच्या दुर्घटनेने दाखवून दिले. 13 मे 2024 रोजी तेथील महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले आणि 17 जणांचा जीव गेला. गाडीत पेट्रोल भरायला आलेल्यांचा त्या होर्डिंगच्या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता. जालन्यातही चौकाचौकात फलक आहेत, लग्नसराईत कमानी उभ्या राहतात. ते उभारणारे कारागीर आणि मंडपवाले तुमच्या-आमच्यातलेच लहान व्यावसायिक आहेत.

मर्यादा नीट वाचा

पॉलिसीत दोन आकडे महत्त्वाचे असतात. एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा. समजा, एका मंगल कार्यालयाने अपघाताला 10 लाख आणि वर्षाला 20 लाख अशी पॉलिसी घेतली. कमान कोसळून पाहुणे जखमी झाले आणि न्यायालयाने 14 लाखांची भरपाई ठरवली. कंपनी जास्तीत जास्त 10 लाख देईल, उरलेले 4 लाख मालकाचे. शिवाय प्रत्येक दाव्यातील ठरावीक रक्कम मालकाने स्वतः भरायची अट असते. स्वस्त हप्ता पाहून मर्यादा अगदी कमी ठेवली, तर पॉलिसी नावापुरतीच उरते.

काय येत नाही?

सर्वात मोठा गैरसमज कामगारांबाबत आहे. पब्लिक लायबिलिटीत आपले कामगार येत नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये जालना एमआयडीसीतील एका स्टील कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले होते. अशा वेळी ईएसआयसी लागू असेल तर कामगाराला लाभ तिथून मिळतात. नसेल तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. 1923 च्या कायद्यातील ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आली आहे. त्यासाठी कामगार नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी लागते. ठेकेदाराचे कामगार तिच्यात धरले आहेत का, हेही विचारून घ्या.

दुसरा मुद्दा बियाण्यांचा. जालना ही बियाणे उद्योगाची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथेच महिको सुरू केली. बियाणे घेणारा शेतकरी हा 'ग्राहक' आहे आणि तो ग्राहक मंचात दाद मागू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात दिला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर सदोष मालासाठी उत्पादकासोबत काही परिस्थितीत विक्रेत्यालाही जबाबदार धरले आहे. मात्र मालामुळे झालेल्या हानीसाठी 'प्रॉडक्ट लायबिलिटी' हे वेगळे संरक्षण लागते. त्यातही माल अपेक्षेप्रमाणे चालला नाही, म्हणजे बियाणे उगवलेच नाही, हा प्रकार अनेकदा वगळलेला असतो. एजंटच्या तोंडी शब्दावर न जाता हे लेखी घ्या.

सरकारी दंड आणि जाणूनबुजून केलेले कृत्य यांनाही संरक्षण नाही.

सक्ती कुठे आहे?

भोपाळ वायुदुर्घटनेनंतर 1991 मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक पदार्थ ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त हाताळणाऱ्यांना तो विमा सक्तीचा आहे. पण जीव फक्त वायूनेच जात नाही. उघड्या वायरने, कमकुवत कमानीने, बंद केलेल्या जिन्यानेही जातो.

विमा सक्तीचा केला तर मालक बेफिकीर होतील, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. विमा कंपनी व्यवसायाचा प्रकार, उलाढाल आणि जोखीम पाहून हप्ता ठरवते. पॉलिसीतील सुरक्षेच्या अटी मोडल्या तर दावा अडचणीत येतो. आज ज्यांना कोणीच काही विचारत नाही, त्यांना निदान विमा कंपनी तरी प्रश्न विचारेल.

धंदा आधीच मंदा, त्यात आणखी एक हप्ता कुठून भरायचा, हा प्रश्न मात्र खरा आहे. म्हणून सुरुवात जिथे गर्दी जमते तिथून व्हावी. जालना महानगरपालिकेने मंगल कार्यालये, मोठे मंडप आणि होर्डिंग यांना परवानगी देताना लायबिलिटी पॉलिसी मागावी. व्यापारी संघटनांनी सभासदांसाठी एकत्रित दर मागून घ्यावेत. लहान दुकानांना वर्ष-दोन वर्षांची मुदत द्यावी.

अपघात झालाच तर

आधी जखमीला दवाखान्यात न्या. मग लगेच विमा कंपनीला लेखी कळवा, फोटो आणि सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवा. कंपनीला न विचारता तडजोड करू नका किंवा भरपाईचे लेखी आश्वासन देऊ नका. त्यामुळे दावा नाकारला जाऊ शकतो. नोटीस आली तर पाकीट तसेच ठेवू नका, ती कंपनीकडे पाठवा. दावा चुकीने नाकारला असे वाटले, तर प्रोप्रायटर आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे जाता येते. जालन्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे.

आज दुकान बंद करताना कपाटातली पॉलिसी बाहेर काढा आणि तिच्यात 'पब्लिक लायबिलिटी'चा रकाना शोधा. तिथे रक्कम नसेल, तर विमा फक्त मालाचा आहे. मग नूतनीकरणाची वाट न पाहता एजंटला फोन करा.